१ मेच्या जोडसुट्टीत गावचं घर: कूलर, टाकी, कवेलू, कुरोड्या आणि रोडगे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरी पुण्यात, घर यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या गावात, घरी आई-वडील दोघंच. यंदा १ मे शुक्रवारी आल्यानं सलग तीन दिवस मिळतात. कूलर थंड हवा देत नाही, स्लॅबवरच्या टाकीखाली कायम ओल असते, स्लॅबला भेग गेली आहे, मागच्या पडवीचे कवेलू (कौलं) माकडांनी फोडलेत. आईला कुरोड्या घालायच्या आहेत, मुलांना वावरात (शेतात) रोडगे, म्हणजे गवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, खायचेत. आणि दरवेळी तुमची सुट्टी पाने-पक्कड हातात घेऊन संपते, घरचे चिडतात, वर एकही काम पुरतं होत नाही.

यातलं कोणतंही काम फार अवघड नाही. चुकतो तो क्रम. ज्याचा वैताग जास्त, त्या कामाला माणूस आधी हात घालतो आणि तिथंच अडकतो. मे महिन्यात आपल्याकडे क्रम तीन गोष्टी ठरवतात: ऊन, दुकान आणि वाळायला-मुरायला लागणारा वेळ. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच स्लॅबवर किंवा कवेलूवर काम करायचंच नाही. एखादा भाग कमी पडला तर दारव्ह्याला किंवा यवतमाळला जाण्यात अर्धा दिवस जातो, त्यातून १ मेची सुट्टी, दुकान उघडं असेलच असं नाही. आणि सिमेंट, सोल्युशन, गव्हाचा चीक यांना तुमची घाई कळत नाही. म्हणून ज्या कामाला जास्त वेळ थांबावं लागतं ते सगळ्यात आधी सुरू करायचं, आणि त्या थांबण्याच्या वेळात खाणं, झोपणं, वावरात जाणं बसवायचं. तुमची सुट्टी त्याच वेळांमध्ये आहे, वेगळी काढायची गरज नाही.

पहिलं काम बुधवारचं, आणि ते फोनवर होतं. आईला सांगा, बुधवारी संध्याकाळी दोन किलो गहू भिजत घाला आणि रोज सकाळी पाणी बदला. कुरोड्यांना तीन रात्री भिजलेला गहू लागतो. शुक्रवारी पोचल्यावर भिजवलात तर त्या रविवारी होणारच नाहीत. वडिलांना सांगा, गुरुवारी रात्री टाकी भरू नका. ड्रम, घंगाळ, बादल्या मिळून शंभर-दीडशे लिटर पाणी खाली काढून ठेवा. आणि चार फोटो मागवा: कूलरच्या मोटरजवळच्या कपॅसिटरवरचा छापील आकडा, कूलरचा पंप, टाकीच्या तोंडाशी असलेलं निप्पल (टाकीला पाइप जोडणारा आट्यांचा तुकडा), आणि कूलरच्या ताटीच्या (पाण्यानं भिजणाऱ्या भुश्याच्या पडद्याच्या) चौकटीवर टेप धरून तिची लांबी-रुंदी. पुण्याहून निघण्याआधी किंवा वाटेत मोठ्या गावी याच फोटोंवरून सामान घ्या. तोंडी "एक इंचाचं असेल" या भरवशावर घेऊ नका.

सामान असं: टाकीचं निप्पल रबरी वायसरसकट, त्याच मापाचा एक युनियन (पाइप न कापता सोडवता येणारा जोड) आणि एक व्हॉल्व्ह, दोन फूट पाइप, दोन एल्बो, दोन सॉकेट. पाइप पांढरा यूपीव्हीसी आहे की पिवळसर सीपीव्हीसी ते फोटोत बघा, कारण दोघांचं सोल्युशन वेगळं असतं. टेफ्लॉन टेपच्या दोन गुंडाळ्या, एम-सीलचं एक पाकीट, कूलरच्या तीन ताट्या, कूलरचा एक छोटा टिल्लू पंप, कपॅसिटर, तीन पिनांचा चांगला प्लग, पाच किलो ताजं सिमेंट, आणि सिमेंटमध्ये मिसळायचं लॅटेक्स द्रव अर्धा लिटर. लिंबूसत्त्वाचं शंभर ग्रॅमचं पाकीट किराणा दुकानात मिळतं, तेही घ्या. जाड चामडी हातमोज्यांची जोडी विसरू नका, ती कशाला ते पुढे कवेलूच्या ठिकाणी येईल.

शुक्रवार सकाळ: स्लॅब

पहाटे सहाला टाकीपासून सुरुवात. प्लास्टिकच्या टाकीखाली ओल असली की लोक आधी टाकी फुटली असं धरून चालतात. बहुतेक वेळा गळतं ते निप्पल. कारण साधं आहे: खाली जाणारा पाइप अधांतरी लोंबत असतो, त्याचा आणि त्यातल्या पाण्याचा भार निप्पलवर येतो, आणि उन्हानं कडक झालेलं रबर त्या ओढीनं एका बाजूनं जागा सोडतं. म्हणून नुसतं नवं निप्पल बसवून भागत नाही, पाइपाखाली विटेचा टेकू द्यावाच लागतो.

जुनं निप्पल काढल्यावर भोकाच्या कडा कापडानं कोरड्या पुसा. क्षाराचा पांढरा थर असेल तर चाकूनं खरवडा. रबर सपाट आणि स्वच्छ जागेवर बसलं पाहिजे. नट हातानं पूर्ण आवळा, मग पान्यानं अर्धा फेरा. याहून जास्त आवळलं की रबर बाहेर फुगतं आणि तिथूनच पाणी येतं; मग माणूस आणखी आवळतो आणि गळती वाढते. आट्यांवर टेफ्लॉन आठ-दहा वेढे, आवळण्याच्या दिशेनं. उलटा गुंडाळला तर फिटिंग फिरवताना सुटून गोळा होतो. टाकीनंतर लगेच व्हॉल्व्ह आणि त्यापुढे युनियन टाका. पुढच्या वेळी पाइप कापावा लागणार नाही.

सोल्युशनचा जोड सकाळीच करायचा, कारण तापलेल्या पाइपावर सोल्युशन ब्रश फिरवता फिरवता सुकतं आणि जोड आतपर्यंत जात नाही. पाइप सरळ कापा, पुसा, दोन्ही भागांना लावा, आत ढकलून पाव फेरा फिरवा आणि तीस सेकंद धरून ठेवा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. मग किमान दोन तास पाणी सोडू नका. दुपारी अर्धी टाकी भरा, निप्पलभोवती कोरडं वर्तमानपत्र गुंडाळून ठेवा. कुठं ओल आली ते डोळ्यांपेक्षा कागद लवकर सांगतो.

हे दोन तास भेगेची चर करायला वापरा. भेग वरवरची, केसासारखी असेल तर छिन्नी-हातोडीनं अर्धा इंच रुंद आणि अर्धा इंच खोल चर काढा. नुसत्या भेगेवर सिमेंटचं पाणी ओतून काही होत नाही, धरायला जागाच नसते. चर झाडून, धुऊन ठेवा, भरायची संध्याकाळी. हीच भेग खालून छतालाही दिसत असेल, सळीचा गंज दिसत असेल किंवा प्लास्टर फुगून पडत असेल, तर चर काढू नका. ते काम इंजिनिअरला दाखवायचं आहे.

नऊ-साडेनऊपर्यंत स्लॅबवरून खाली या.

कूलर

कूलर शुक्रवारी दुपारीच दुरुस्त करायचा, कारण तो चालला तरच पुढच्या दोन दुपारी घरातली माणसं माणसासारखी बोलतील. पडवीच्या सावलीत घ्या. प्लग उपसा. बटण बंद करणं पुरेसं नाही. बटण न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर ते बंद असतानाही आतल्या तारेत करंट असतो.

थंड हवा न येण्याची कारणं चार-पाचच आहेत आणि ती वरून खाली तपासायची. ताटी पूर्ण भिजते का? हे प्लग उपसण्याआधीच बघायचं: पंप चालू असताना तिन्ही ताट्या बाहेरून बघा. जिथं कोरडा पट्टा दिसेल तिथून गरम हवा सरळ आत येते. एका हंगामात लाकडी भुश्याची ताटी दबून खाली बसते आणि वरच्या कडेला चार बोटं फट पडते. ही फट हे कूलर "गरम फेकतो" या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण आहे. नवी ताटी बसवताना वरपासून खालपर्यंत सारखी पसरा, साधारण दोन इंच जाड. ठासून भरली तर हवा ओढली जात नाही आणि पंखा घुमतो. विरळ ठेवली तर पाणी थेट खाली पडतं. बसवण्याआधी, म्हणजे सकाळीच, टबात चार तास बुडवून ते लाल पाणी फेकून द्या, नाहीतर दोन दिवस घरात तोच वास आणि भिंतीवर तेच शिंतोडे. वाळा परवडत असेल तर एका बाजूला वाळ्याची ताटी लावा. तिन्ही बाजूंना लावायची गरज नाही, सुगंध एकीनंही येतो.

ताटीवर पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं बोअरच्या जड पाण्यानं बुजतात. बारीक तार किंवा सुईनं प्रत्येक भोक मोकळं करा. पंप उघडून खालची जाळी आणि पाती जुन्या टूथब्रशनं घासा. पांढरा थर निघत नसेल तर एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व टाकून पातीचा भाग त्यात अर्धा तास ठेवा. पंपाचा गुं-गुं आवाज येतो पण पाणी चढत नाही, म्हणजे पाती अडकली आहे. त्याच अवस्थेत चालू ठेवला की जळतो. पंप पूर्ण बुडेल इतकं पाणी नेहमी हवं, आणि ताटीचा भुसा आत जाऊ नये म्हणून पंपावर नायलॉनची जुनी जाळी बांधा.

पंखा हळू फिरतो किंवा हातानं ढकलल्यावर सुटतो, तर कपॅसिटर गेला. त्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा जितका, तितकाच नवा घाला. "मोठा टाकला तर जोरात फिरेल" हे गावोगाव ऐकायला मिळतं. मोटर तापते आणि जून येण्याआधी जळते. कपॅसिटर काढण्यापूर्वी प्लग बाहेर असला तरी त्याची दोन्ही टोकं प्लास्टिक मुठीच्या पेचकसानं एकदा जोडून घ्या, आत साठलेला झटका निघून जातो.

कूलरच्या टाकीचा पत्रा गंजून गळत असेल तर खरवडून, पूर्ण कोरडं करून एम-सील. डांबरी रंग लावणं पक्कं काम आहे, पण तो नीट वाळायला एक दिवस कूलर बंद ठेवावा लागेल. ते हंगाम संपल्यावर.

आता झटक्याचं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात, आणि बहुतेकदा पद्धत एकच असते: चालू कूलरमध्ये लोखंडी बादलीनं पाणी, खाली ओली फरशी, पायात चप्पल नाही. तीन पिनांचा प्लग लावा आणि त्यातली हिरवी तार कूलरच्या पत्र्याला, रंग खरवडून, स्क्रूनं पक्की जोडा. पण भिंतीतल्या सॉकेटला मागे अर्थिंगच नसेल तर तिसरी पिन शोभेची. अंगणातला कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा मेमध्ये खडखडीत कोरडा होतो, मग करंट जमिनीत नीट जात नाही. त्यात रोज एक बादली पाणी टाकायला सांगा. मीटरनंतर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारं बटण) नसेल तर या सुट्टीत तेवढं एक काम वायरमनकडून करून घ्या. हे स्वतः करायचं नाही. पत्र्याला टेस्टर लावल्यावर दिवा लागला तर कूलर वापरू नका. नाही लागला म्हणून निर्धास्तही होऊ नका, टेस्टर फसवतो. पाणी भरण्यापूर्वी प्लग उपसायचा, हा नियम कागदावर लिहून कूलरच्या वरच चिकटवा.

सगळं करूनही खोली चिकचिकत असेल तर दोष खोलीचा. पाण्याची वाफ होताना हवा थंड होते, आणि ती ओली हवा बाहेर गेली नाही तर पुढची वाफ होणं थांबतं. कूलर खिडकीबाहेर असावा आणि त्याच्या समोरची खिडकी वीतभर उघडी. कोरड्या उन्हात मोठा लोखंडी कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो, म्हणून स्लॅबवरच्या टाकीची गळती आधी काढली. आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण काढून कूलर घासून कोरडा करायचा; डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ती अंडी टाकीच्या कडेला कोरडीही टिकून राहतात, म्हणून नुसतं पाणी बदलून पुरत नाही.

एवढं दोन-अडीच तासांत होतं. मग जेवा आणि झोपा. दुपारची झोप हा या वेळापत्रकातला भराव नाही. पहाटे उठलेल्या माणसानं दुपारी झोप टाळली की संध्याकाळी शिडीवर त्याचा पाय चुकतो.

शुक्रवार संध्याकाळ

सहा वाजता, स्लॅबवर पाय ठेवता येईल तेव्हा, चर पाण्यानं भिजवा. वर तळं नको, नुसती ओली हवी. सिमेंट, पाणी आणि लॅटेक्सचं पातळ खळ ब्रशनं आतून लावा, आणि ते ओलं असतानाच एक वाटी सिमेंटला तीन वाट्या चाळलेली रेती या मापाचा घट्ट माल दाबून भरा. माल किती लागतो याचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो: दहा फूट लांब, अर्धा इंच रुंद आणि तितक्याच खोल चरीला जेमतेम अर्धा लिटर माल पुरतो. परातभर कालवला की अर्ध्या तासात तो घट्ट होतो, मग माणूस त्यात पुन्हा पाणी टाकतो, आणि तोच जोड पावसाळ्यात सुटतो.

तासाभरानं ओलं पोतं टाका, सकाळी पोत्यावर प्लास्टिकची ताडपत्री आणि कडेनं विटा. हे सात दिवस ओलं राहिलं पाहिजे. मेच्या उन्हात उघडा ठेवलेला माल आतलं पाणी उडून जाऊन भुसभुशीत होतो. ताडपत्री असली तर सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी पुरतं. वडिलांना भर दुपारी वर चढायला लावू नका. वरचं वॉटरप्रूफिंगचं कोटिंग या सुट्टीत होणार नाही, त्याला स्लॅब आधी मुरलेला आणि मग पूर्ण कोरडा लागतो. ते मेच्या तिसऱ्या आठवड्यात, मृगाच्या आधी.

चर भरून झाल्यावर उरलेल्या स्लॅबवर पाणी मारा. पहिल्या पाण्याची नुसती वाफ येते आणि उकाडा वाढल्यासारखं वाटतं; घाबरू नका, आठ वाजता पुन्हा मारा. दुसऱ्या पाण्यानंतर गादी टाकण्याइतका गारवा येतो. बाज असेल तर उत्तम, खालून हवा खेळते. कठडा नसेल तर मुलांना मधोमध झोपवा, मच्छरदाणी चार विटांत रोवलेल्या काड्यांना बांधा. शुक्रवारी बुद्धपौर्णिमा आहे, वर दिवा लावायची गरज पडणार नाही. याच रात्री वनविभाग मेळघाट, पेंच, ताडोबाकडे मचाणावरून प्राणी बघू देतो, पण त्याची नोंदणी आधी करावी लागते आणि अख्खी रात्र जागून काढावी लागते; शनिवारी कवेलूवर चढायचं असेल तर यंदा तो मोह सोडा.

शनिवार

सहा ते नऊ कवेलू. अख्खी पडवी फेरायला (सगळे कवेलू काढून पुन्हा बसवायला) घेऊ नका. तीन तासांत एक माणूस आणि खालून कवेलू देणारा एक, मिळून चाळीस-पन्नास कवेलू बदलू शकतात, त्यामुळे पन्हाळीजवळची आणि चुलीवरची जागा निवडा. तिथं गळलं तर भिंत आणि धान्य दोन्ही जातं. गावरान कवेलू उताणे-उपडे बसतात. फुटलेला काढायचा तर त्याच्या वरचा उचलून धरायचा, फुटका खाली ओढायचा, नवा खालून वर सरकवायचा. वरच्याचं तोंड खालच्यावर चार बोटं चढलं पाहिजे. कमी चढलं तर वाऱ्याचा पाऊस आत मारतो. खालची कमची कुजली असेल तर बांबूची नवी फाक सुतळीऐवजी तारेनं बांधा, सुतळी उंदीर कुरतडतात. पाय कवेलूवर कधीच नाही. दोन फाट्यांवर (वाशांवर) टेकेल अशी फळी टाकून तिच्यावर बसायचं. माकडांचा कायमचा उपाय कुणाकडे नाही. आढ्यावर बोरीच्या काट्या टाकल्या तर ती निदान बसायला शेजारचं घर शोधतात. शेजाऱ्याला आधी सांगा!

हातमोजे यासाठी: कवेलूखाली विंचू असतो. काठीनं ठोकून, थांबून, मग उचला. लाल विंचू चावला आणि घाम सुटला, उलटी झाली, छातीत धडधडलं तर उतारा-मंत्र यात वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखाना; त्यावर प्राझोसिनची गोळी देतात आणि ती जितक्या लवकर मिळेल तितकं बरं.

उरलेलं फेरणं कारागिराला आजच सांगून ठेवा. रोहिणी नक्षत्र लागलं की सगळं गाव त्याच्याच मागे असतं.

दुपारी काहीच काम ठेवू नका. गावरान आंबा अजून पाडाला लागलेला नसतो, बाजारात बैगनपल्ली असतो. तासभर पाण्यात ठेवून रस काढा, सोबत मागच्या वर्षीच्या शेवया. रसात चिमूटभर सुंठ आणि वरून तूप. वावरात जाताना नेण्यासाठी कैरीचं पन्हंही आताच करून ठेवा.

चार वाजता गहू वाटायला घ्या. पाणी बदललेलं असेल तर गव्हाला आंबूस वास येतो, कुबट नाही, आणि दाणा दाबला की पांढरा चीक निघतो. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटा, हातानं कोळा, गाळणीतून आणि मग पातळ कापडातून गाळा, चोथा पुन्हा एकदा वाटून धुवा. गाळलेलं पाणी झाकून घरातल्या गार जागी ठेवा आणि रात्रभर हलवू नका. वीज जाण्याची शक्यता असते, म्हणून हे काम संध्याकाळवर ढकलू नका.

साडेपाचला वावराकडे. सहा जणांना दीड किलो जाडसर दळलेली कणीक, तीन चमचे मीठ, एक चमचा ओवा आणि दीड वाटी तेलाचं मोहन घेऊन घट्ट भिजवा. घरूनच भिजवून न्या, तिला अर्धा तास मुरायला वाटेतच मिळतो. साधारण अठरा रोडगे होतात. लहान गोळा लाटायचा, तेल लावायचं, त्यावर दुसरा, असे तीन थर एकात एक गुंडाळून चेंडू बंद करायचा. पीठ सैल झालं की रोडगा विस्तवात बसका होतो.

पंचवीस-तीस वाळल्या गवऱ्या रचून पेटवा आणि ज्वाळा पूर्ण जाईपर्यंत थांबा, अर्धा-पाऊण तास. इथंच सगळे घाई करतात. ज्वाळेत टाकलेला रोडगा बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा निघतो. निखारे लाल आणि वर राखेचा थर आला की रोडगे ठेवा, दर सात-आठ मिनिटांनी फिरवा, शेवटी गरम राखेनं झाका. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत तडा जातो. आतला थर सुटा दिसला की झाला. फडक्यानं राख पुसा, हातानं फोडा, तुपात बुडवा. तोवर बाजूच्या तीन दगडांवर वांग्या-आलूची भाजी, वर भरपूर सांबार (कोथिंबीर). तुरीचं वरण घरून. पळस जवळ असेल तर थोड्या पिठाचे पळसाच्या पानात दाबून पानगेही करा, ते वीस-पंचवीस मिनिटांत होतात आणि मुलांचा धीर टिकतो.

मे महिन्यातल्या वावरात विस्तव ही गंमत नाही. कुटाराचा ढीग, पऱ्हाटीची गंजी, वाळलेलं गवत यांपासून लांब, नांगरलेल्या उघड्या मातीवर जागा धरा आणि चारी बाजूंनी दहा फूट साफ करा. वीस लिटरच्या दोन कॅन पाणी सोबत, त्यातली एक फक्त विझवायला. वारा उठला तर पेटवूच नका, घरी अंगणात करा. मोहोळ असलेल्या झाडाखाली धूर करू नका. निघताना राख पाण्यानं कालवून हात लावून बघा. चंद्र त्या दिवशी सूर्य मावळल्यावर तासाभरात वर येतो, परतीची वाट दिसते. तरी धुऱ्यावरून चालताना बॅटरी हवीच, सापही त्याच वेळी बाहेर पडतो.

दिवसभरात कुणाला डोकं जड, मळमळ वाटली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग भाजतंय असं तापलं तर पाजत बसू नका. सावलीत आणून अंगावर पाणी, वारा आणि १०८ ला फोन.

रविवार

साडेपाचला चिकावरचं पाणी हळूच ओतून टाका. खाली राहिलेला घट्ट चीक वाटीनं मोजा, तितकंच पाणी मोठ्या जाड पातेल्यात उकळायला ठेवा. मीठ बेतानं, वाटीला पाव चमचा, कारण वाळल्यावर ते दुप्पट लागतं. थोडा हिंग. पाणी खळखळलं की एकानं धार धरायची, दुसऱ्यानं लाटण्यानं सतत घोटायचं. एकटीनं करायचं काम हे नाही, गुठळ्या होतातच. रंग पांढऱ्याचा काचेसारखा झाला आणि लाटणं उभं राहिलं की मंद आचेवर झाकून पाच मिनिटं. कच्च्या चिकाची कुरोडी वाळताना तुकडे होते आणि तळल्यावर फुलत नाही. साच्यात गरमच भरा.

पहिल्या वाफेचा चीक वाटीत काढून तूप-साखर घालून मुलांना द्या. कुरोड्यांसाठी थांबण्याचं खरं कारण त्यांच्या दृष्टीनं हेच असतं.

स्लॅबवर जागा वाटून घ्या: भेगेची ताडपत्री एका कडेला, कुरोड्या दुसऱ्या, मधून जायला वाट. सातपर्यंत घालून झाल्या तर पूर्ण दिवसाचं ऊन मिळतं. वर पातळ साडी ताणा, वावटळीची धूळ आणि माकडं दोन्हींसाठी. संध्याकाळी उलटून आत घ्यायच्या आणि सोमवारी दुसरं ऊन. मेमध्ये अवकाळी केव्हाही येतो, रात्री बाहेर ठेवू नका.

रविवारी नवीन काहीही उघडायचं नाही. "जाता जाता तो नळ बघून टाकतो" यानं बस चुकते आणि घरचं पाणी बंद पडतं. नळ गळतोय तर टाकीजवळचा नवा व्हॉल्व्ह कसा बंद करायचा ते दाखवा आणि अर्ध्या इंचाच्या स्पिंडलचं नाव लिहून ठेवा, गावातला प्लंबर दहा मिनिटांत बदलतो. निप्पलभोवतीचा कागद शेवटचा बघा. वडिलांना द्यायच्या चिठ्ठीत चार ओळी पुरतात: भेगेवर शुक्रवार ८ मेपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाणी, अर्थिंगच्या खड्ड्यात रोज बादलीभर, दर रविवारी कूलर कोरडा, आणि कवेलूवाल्याला ठरलेला दिवस. वीज गेली तर तक्रारीचा १९१२ हा नंबर त्याच चिठ्ठीत खाली लिहा, आणि चिठ्ठी मीटरच्या पेटीच्या दारावर आतून लावा.